पडलेली भांडी, फेकलेली भांडी

आजवर मी जे काही लिहिलं ते भांड्यांवर. उदगीरला आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्नसराईत लोक ताट-तांबे नेतात, त्यावर 'अमुक यांजकडून सप्रेम भेट' असं मशीनने कोरून देणं हे माझं काम. भांड्यावर चुकलेलं अक्षर पुसता येत नाही, त्यामुळे कमीत कमी लिहायची सवय लागली. आमच्या महिला मंडळाची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यात महादेवी अक्कांवर चार पानं हवीत, असं सांगायला बायका दुकानात आल्या तेव्हा मी सरळ नाही म्हणालो. महादेवी अक्का म्हणजे आमची ही. बायको स्वतःची असल्यावर कौतुक केलं तरी पंचाईत, नाही केलं तर जास्त पंचाईत.

हिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा की. माझं वय लिहू नका आन् वजन बी लिहू नका. बाकी काय लिहायचं ते लिहा."

तेव्हा ते दोन्ही सोडून लिहितो. कुठे चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

हिचं माहेर नांदेड जिल्ह्यातलं देगलूर. तिकडे मराठी, कानडी, तेलुगू तिन्ही भाषा घरात फिरत असतात. लग्न होऊन आली तेव्हा तिन्ही घेऊन आली. गिऱ्हाइकाशी मराठीत बोलते, माझ्यावर रागावली की कानडीत जाते, आणि मला कळू नये असं काही बोलायचं असेल तर तेलुगूत. इतकी वर्षं झाली, मी तेलुगू शिकलो नाही. शिकलो असतो तर संसार इतका सुखाचा झाला असता असं वाटत नाही.

दुकानात ती मोडीच्या बाजूला बसते. जुनी भांडी देऊन नवी न्यायची, त्याला मोड म्हणतात. मी मोडीचं भांडं घेतो, वजन करतो, बाजूला टाकतो. ही तसं करत नाही. भांडं हातात घेऊन गोल फिरवते, बुडावर बोट फिरवते, काठावर बोट फिरवते, मग आणणाऱ्या बाईच्या तोंडाकडे बघते. तिचं म्हणणं असं, की पडलेल्या भांड्याला बुडाला पोच, म्हणजे खळगा, येतो आणि फेकलेल्या भांड्याला काठाला. काठाला पोच आलेलं भांडं घेऊन कोणी आली की ही मान वर न करता मला सांगते, "अहो, दोन चहा सांगून या."

दोन म्हणजे तिला एक आणि त्या बाईला एक. मी समोरच्या हॉटेलात जायचं, चहा पाठवायचा आणि पुढचं बोलावणं येईपर्यंत तिथल्या बाकड्यावर बसायचं. हॉटेलवाल्यालाही आता सवय झाली आहे. मी पायरी चढलो की तो विचारतो, "आज काठ का हो?"

पुढे ही त्या बायांना घेऊन कुठे कुठे जाते. पोलीस ठाणं, विधी सेवेचा फुकट मिळणारा वकील, आणि सगळ्यात जास्त संरक्षण अधिकारी धम्मप्रिया मॅडमचं ऑफिस. घरात मारहाण होणाऱ्या बाईचं म्हणणं लिहून घेऊन ते कोर्टापर्यंत न्यायचं, हे त्या मॅडमचं काम. तो कायदा दोन हजार पाच सालचा, म्हणून ही त्याला 'पाचचा कायदा' म्हणते. जाताना पिशवीत ते पोच आलेलं भांडं असतंच. एकदा ठाण्यात हिने जमादारांच्या टेबलावर पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, आधी ह्याचा काठ बघा, मग बोलू." जमादार बोलता बोलता त्यात पेन ठेवायला लागले. निघताना हिने ते पेनासकट उचललं. पेन दुसऱ्या दिवशी मी नेऊन दिला.

पण बायका मला लिहायला सांगून गेल्या ते मनमायाच्या वेळचं. तेच लिहितो.

आमच्या गल्लीत मलप्पा आडत्यांचं घर आहे. माणूस खाऊनपिऊन सुखी, रानही चांगलं. त्यांचा मुलगा रुद्रेश हैदराबादला एका हॉटेलात मॅनेजर होता. तिथेच स्वयंपाकघरात काम करणाऱ्या मनमायाशी त्याने देवळात लग्न केलं आणि तिला घेऊन आला. मुलगी नेपाळची, आईबाप नाहीत. मलप्पाची बायको शांतम्मा हिने पहिल्या दिवशी दार लावून घेतलं, दुसऱ्या दिवशी उघडलं आणि तिसऱ्या दिवशी सुनेला सगळं स्वयंपाकघर देऊन टाकलं. गल्लीला वाटलं, चला, मिटलं.

मनमाया मराठी शिकली ती सासूकडून. त्यामुळे ती पहिल्यांदा आमच्या दुकानात येऊन "किती टाइम लावून राहिलाव, हात मोडले का?" असं मला म्हणाली तेव्हा मी दचकून इकडेतिकडे शांतम्मा दिसते का ते पाहिलं. बिचारीला वाटत होतं, मराठीत असंच विचारतात.

तिने मोडीला तपेलं आणलं होतं. हिने फिरवून पाहिलं आणि वजनाला लावलं. पुढे ती पातेलं घेऊन आली, मग डबा. डब्याच्या वेळी हिने मला चहाला पाठवलं आणि मी बाकड्यावर इतका वेळ बसलो की हॉटेलवाल्याने मला कांदे चिरायला दिले.

परत आलो तेव्हा मनमाया पदराने डोळे पुसत होती. शांतम्मा हातात येईल ते फेकायची आणि रुद्रेश दार लावून मारायचा. त्याला आता त्यांच्या नात्यातली, सोनंनाणं घेऊन येणारी दुसरी मुलगी बघत होते.

"पोलिसात कामून न्हाई गेलीस?" हिने विचारलं.

"सासू म्हणते, गेलीस तर तुलाच धरतील. तू बाहेरच्या देशाची. बॉर्डरवर नेऊन सोडतील." मनमाया म्हणाली. "माझं नेपाळचं कार्ड बी तिच्याच कपाटात हाय. अक्का, तिकडं माझं कोण हाय? मी कुठं जाऊ?"

"इथं," ही म्हणाली. आणि माझ्याकडे वळून कानडीत म्हणाली, की मधल्या खोलीतली मोडीची पोती आजच्या आज बाहेर काढा.

धम्मप्रिया मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "अक्का, कायद्यात 'बाई' म्हटलंय. कुठल्या देशाची, ते विचारलेलं नाही. नेपाळच्या माणसाला इथं राहायलाही बंदी नाही. हिला त्या घरात राहायचा हक्क मागता येतो."

"बगा!" ही मला म्हणाली. जसं काही सासूला मीच शिकवून ठेवलं होतं.

मात्र मॅडमना वाटलं, मनमायाचं म्हणणं तिच्या स्वतःच्या भाषेत झालं तर बरं, मनातलं सगळं बाहेर येईल. दुभाष्या पाहिजे. ही दुसऱ्या दिवशी नांदेडला गेली आणि एका बँकेबाहेरचा चौकीदार घेऊन आली. चेहऱ्यावरून नेपाळी. एस.टी.त त्याला शेंगा खाऊ घातल्या, केळी खाऊ घातली. ऑफिसात तो मनमायासमोर बसला, घसा साफ केला आणि म्हणाला, "ताई, कसं हाय, माझा आजा नेपाळहून आला व्हता म्हणं. माझा जन्म नांदेडचा. मला नेपाळी येत न्हाई."

"मग आलास कामून?" ही ओरडली.

"तुम्ही इच्यारलंच न्हाई! नुसतं चल म्हणलाव. मला वाटलं सोयरीक हाय."

मनमाया त्या दिवशी हसली. आमच्या घरी आल्यापासून पहिल्यांदाच. मग तिने मराठीतच सगळं सांगितलं. शांतम्माचे शब्द शांतम्माच्याच भाषेत, त्यामुळे लिहून घेताना मॅडमना काही जागा मोकळ्या सोडाव्या लागल्या.

अर्ज कोर्टात गेला आणि मलप्पाकडून उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, की ही बाई आमची सून नाही. रुद्रेशचं लग्नच झालेलं नाही. हिला स्वयंपाकाला ठेवली होती, काम बरं नव्हतं म्हणून काढली.

देवळातल्या लग्नाचा कागद नव्हता. फोटो होते ते रुद्रेशच्या मोबाइलमध्ये, म्हणजे नव्हते. मॅडम म्हणाल्या, "कागद नसला तरी भागेल. ते दोघं नवराबायको म्हणून त्या घरात राहत होते, एवढं सांगणारी माणसं पाहिजेत. शेजारपाजारचे चालतील. पण पाहिजेत. नाहीतर ही कामवाली ठरेल आणि कामवालीला घरात राहायचा हक्क कसला?"

"सगळी गल्ली आणते," ही म्हणाली.

आणि एकही माणूस मिळाला नाही.

याचं कारण लातूर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायचं नाही. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला येळवस असते. त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, करायची, तिच्यात पूजा मांडायची, घरधनी आणि घरधनीण जोडीने बसतात. मग जेवण. ताकात ज्वारीचं पीठ आंबवून केलेली आंबील, हिरवे दाणे आणि भाज्या घालून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. ज्याला रान नाही त्याला रानवाला बोलावतो. बोलावलं की नाही म्हणायचं नसतं आणि बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नसतं. आमच्या गल्लीतले बहुतेक लोक मागची दोन वर्षं मलप्पाच्या रानात जेवले होते. मलप्पाने पूजेला आपल्याऐवजी रुद्रेश आणि मनमायाला जोडीने बसवलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. आणि नेमका तोच घोटाळा झाला.

शेजारचे किशनराव पाटील हिला म्हणाले, "वहिनी, मी खोटं बोलणार न्हाई. पण खरं बी बोलणार न्हाई. त्यांच्या रानात मांडी घालून आंबील प्यालो. आता कोर्टात उभं राहून त्यांच्याच उलट बोलू? पोटात राहील का ती?"

"वरीस होत आलं पिऊन! अजून पोटातच हाय का?"

"आंबिलीचं तसंच असतंय, वहिनी."

ज्याच्याकडे गेली तो हेच म्हणाला. कोणी आंबील म्हणाला, कोणी भज्जी म्हणाला. एक गृहस्थ म्हणाले, मी तर उंडे घरीसुद्धा नेले होते. ही दमून घरी आली आणि जेवताना मला म्हणाली, "जाऊ द्या. तुम्ही तर हाव ना."

मी ताटाकडे पाहत राहिलो.

"एन्री?" ती म्हणाली. म्हणजे, काय हो?

मी म्हणालो, "मी पण दोन गडू प्यालो होतो."

यावर ती जे बोलली ते तेलुगूत होतं, म्हणून लिहिता येत नाही.

तारीख जवळ आली होती आणि त्याच्या आधी येळवस आली. आमचं गावाबाहेर लहानसं रान आहे, मलप्पाच्या रानाला लागूनच. पण आमच्याकडे येळवशीला घरच्यांशिवाय कोणी येत नसे. त्याला कारण होतं. हे छापलं जाणार आहे हे माहीत असूनही लिहितो, की आमच्या हिच्या हातची आंबील चांगली होत नाही. कधी पाण्यासारखी, कधी चमचा उभा राहील अशी. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. औंदा हिने घरोघर जाऊन स्वतः आमंत्रण दिलं. लोकांचे चेहरे उतरले. पण येळवशीचं बोलावणं, नाही कसं म्हणणार? मलप्पाचं बोलावणं यायच्या आत ही सगळ्यांकडे जाऊन आली होती.

त्या दिवशी सगळे आले. आम्ही जोडीने पूजा केली, मी पिकावर आंबील शिंपडत रानाला फेरी मारली. किशनराव आपला गडू घेऊन असे बसले जसा माणूस काढा घ्यायला बसतो. एक घोट घेतला. थांबले. दुसरा घेतला. मग गडू तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला.

"वहिनी! औंदा हात सुधारला की हो!"

"वाढू?"

"वाढा! लई दिवसांनी अशी आंबील. मागल्या साली त्या मलप्पाच्या रानात ही अश्शीच..." आणि किशनराव थांबले.

कोपीच्या मागून मनमाया पळी घेऊन आली आणि त्यांचा गडू भरला. किशनराव सवयीने हात जोडून म्हणाले, "बस बस, सूनबाई."

"काय म्हणलाव?" हिने विचारलं.

किशनरावांनी गडू तोंडाला लावला. पलीकडच्या बांधावर मलप्पा आणि शांतम्मा भरलेल्या भांड्यांपाशी दोघंच बसले होते. रुद्रेश बाजूला उभा राहून इकडे बघत होता.

ही उभी राहिली. आवाज पलीकडच्या रानात जाईल असा लावला. "तिकडं दोन वर्षं जेवलाव, म्हणून मलप्पाचं अन्न खाल्लं म्हणताव. मलप्पानं कंदी पीठ आंबवलं? शांतम्मानं उंडे वळले? ताक कोणी घुसळलं, भज्जी कोणी रांधली, मीठ कोणी घातलं? हिनं! तिकडं बी हिच्याच हातचं खाल्लाव, आज इथं बी हिच्याच हातचं. मग ह्या पोरीच्या उलट गप बसताव ते तुमच्या पोटाला चालतंय का?"

मला वाटलं नव्हतं की मी बोलेन. पण माझ्यासमोर गडू होता, अर्धा प्यालेला. मी म्हणालो, "मी सांगतो कोर्टात."

माझा आवाज इतका बारीक होता की फक्त मनमायाला आणि शेजारी बसलेल्या किशनरावांना ऐकू गेला. तिने माझा गडू काठोकाठ भरला. ते पाहून किशनराव म्हणाले, "त्यांना पहिल्यांदा कामून? मी बी सांगतो! लिहा माझं नाव!"

पुढे उलटंच झालं. धम्मप्रिया मॅडमच्या ऑफिसात माणसं मावेनात. ज्यांनी उंडे घरी नेले होते ते गृहस्थ सकाळीच येऊन बसले होते. किशनरावांनी भज्जीत काय काय होतं ते सांगायला घेतलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "काका, लग्नाचं सांगा." ते म्हणाले, "तिकडंच येऊन राहिलो. आधी मेथी हाय." शेवटी मॅडमनी आमच्यातले मोजके निवडले, तर बाकीच्यांना राग आला. आम्ही काय आंबील कमी प्यालो होतो का, म्हणे.

कोर्टात मला उभं केलं. मलप्पाच्या वकिलांनी विचारलं, "ती त्याची बायको होती, हे तुम्ही कशावरून सांगता?"

मी म्हणालो, "पूजेला जोडीने बसले होते. उपरण्याची आणि पदराची गाठ मारलेली होती. स्वयंपाकाच्या बाईशी गाठ कोण मारतं?"

न्यायाधीश म्हणाले, "मोठ्याने बोला, ऐकू येत नाही."

मी मागे पाहिलं. ही बाकावर बसली होती. तिने हाताने 'अजून' अशी खूण केली. मग मी इतक्या मोठ्याने बोललो की बाहेर पुकारा करणारा शिपाई आत डोकावला. असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. हिलाही नव्हतं. घरी येईपर्यंत ती माझ्याशी जरा जपूनच बोलली.

निकाल मनमायाच्या बाजूने लागला. मलप्पाच्या घरातली रस्त्याकडची खोली तिला राहायला द्यायची, तिला हात लावायचा नाही, तिचं कार्ड परत करायचं. शांतम्मा स्वतः दुकानात आली, खोलीची किल्ली आणि कार्ड मोडीच्या तराजूत टाकलं आणि निघाली. ही मागून म्हणाली, "शांतम्मा, थांब की. चहा सांगते." शांतम्मा थांबली नाही. रुद्रेश पुन्हा हैदराबादला गेला. जाताना मला रस्त्यात भेटला, तर म्हणाला, "काका, आई म्हणली म्हणून..." आणि बॅग उचलून स्टँडकडे चालायला लागला.

मनमाया त्या खोलीत राहते. खिडकीतून धपाटे आणि ठेचा विकते. कॉलेजची पोरं सकाळपासून उभी असतात, आणि ती त्यांना "किती टाइम लावून राहिलाव, हात मोडले का?" म्हणते. पोरांना वाटतं हा प्रश्न धपाट्यासोबतच मिळतो. किशनराव दुपारी गर्दी कमी झाली की जातात. शांतम्माही धपाट्याला आतल्या दाराने जाते, असं ऐकतो. पाहिलेलं नाही म्हणून खात्रीने लिहीत नाही.

गेल्या महिन्यात मनमाया मोठं पातेलं घेऊन मोडीला आली. ते पाहून मी न सांगताच चपला पायात घातल्या. हिने पातेलं हातात घेतलं आणि काठावर बोट फिरवलं. एकदा सगळा वेढा घेतला, पुन्हा उलटा घेतला. मग पालथं केलं. बुडाला हा एवढा पोच होता.

"पडलं?" हिने विचारलं.

"हाव अक्का. हात पिठानं ओला व्हता, निसटलं."

हिने काठावर पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग पातेलं मांडीवर ठेवून त्याच्या बुडावर दोन्ही हातांनी अशी थाप मारली, जसं काही ते ढोलकंच आहे. "अहो, चहा सांगून या!"

मी निघालो. हॉटेलवाल्याने नेहमीप्रमाणे विचारलं, "काठ?"

"बूड," मी म्हणालो.

त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि दोन कप मांडले. इतक्यात समोरून, रस्ता ओलांडून, हिचा आवाज आला.

"तीन सांगा! आज तुम्ही बी इथंच बसा!"